केबलच्या पोर्टचा मालक कोण? लॅपटॉप, तारेची जोडणी आणि नेटवर्क मॅनेजर

प्रश्न थोडक्यात असा. लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि वायफाय बिनतक्रार चालते. नेटवर्कची केबल खोचली की वरच्या पट्टीवरचे चक्र पाऊण मिनिट फिरते आणि जोडणी होऊ शकली नाही असा निरोप येतो. टर्मिनलमधून हाताने आयपी पत्ता दिला की नेट लगेच सुरू होते, पण थोड्या वेळाने तो पत्ता आपोआप पुसला जातो. कधी मिनिटभरात जातो, कधी पाच मिनिटे टिकतो. नेटवर्क मॅनेजर हा जोडण्या सांभाळणारा लिनक्समधला प्रोग्राम मधेच लुडबूड करतो आहे हे दिसतेच आहे, तर तो काढूनच टाकावा का?

काढू नका. निदान रोग कळेपर्यंत तरी नको. मी बरीच वर्षे हेच काम करतो आहे. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या लॅपटॉपमध्ये मॅनेजरचा खरोखरचा बिघाड फार क्वचित सापडतो. बहुतेक वेळा दोनांतले एक निघते. एकतर त्या पोर्टवर दोन प्रोग्राम एकाच वेळी हक्क सांगत असतात. नाहीतर मॅनेजर कुणीतरी कधीकाळी दिलेली किंवा त्याने स्वतःच गृहीत धरलेली सूचना इमानेइतबारे पाळत असतो आणि ती सूचनाच तुमच्या लाइनला लागू पडत नसते. या दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून आधी निदान करायचे.

तुमच्या वर्णनातल्या वेळाच अर्धे निदान सांगून जातात. केबल खोचली की कार्डाला समोरच्या टोकाचा सिग्नल मिळतो. याला कॅरिअर म्हणतात. कॅरिअर आला की मॅनेजर त्या पोर्टसाठी साठवलेले प्रोफाइल, म्हणजे सेटिंगांचा संच, शोधतो. एकही सापडले नाही तर 'वायर्ड कनेक्शन १' नावाचे प्रोफाइल तो स्वतः तयार करतो. त्यात सूचना एकच असते: डीएचसीपीने, म्हणजे जाळ्यातल्या सर्व्हरने आपोआप पत्ता देण्याच्या पद्धतीने, पत्ता माग. मग तो मागत राहतो आणि उत्तरासाठी ४५ सेकंद थांबतो. तुमचे 'पाऊण मिनिट' हेच. उत्तर आले नाही तर प्रयत्न फसला असे ठरवून तो पोर्ट साफ करतो. त्या पोर्टवरचे पत्ते आणि रूट, म्हणजे वाहतुकीच्या वाटा, सगळे काढून टाकतो, त्यात तुम्ही हाताने दिलेला पत्ताही जातो. मग पुन्हा प्रयत्न. असे चार प्रयत्न फसले की तो त्या प्रोफाइलचा नाद सोडतो, पण कायमचा नाही. पाच मिनिटांनी फसलेल्या प्रयत्नांची मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि तेच चक्र नव्याने सुरू होते. तुम्ही पत्ता दिला तेव्हा प्रयत्न चालू असेल तर तो मिनिटभरात पुसला जातो. विश्रांतीच्या काळात दिला असेल तर पुढचे चक्र सुरू होईपर्यंत टिकतो. लहरी वाटणारे वागणे एवढ्यावरून उलगडते.

पण माझ्या तर्कावर विसंबू नका, मॅनेजरलाच विचारा. त्याचे नोंदवहीतले बोलणे वाचण्यासाठी टर्मिनलमध्ये 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा 'यू' पर्यायासह द्या, पुढे 'नेटवर्कमॅनेजर' हे सेवेचे नाव लिहा आणि चालू सत्रापुरतेच पाहण्यासाठी 'बी' पर्याय जोडा. ओळी पुष्कळ येतील. त्यातल्या 'स्टेट चेंज' असे शब्द असलेल्या ओळी तेवढ्या पाहा. तुमच्या लॅपटॉपवर साधारण अशी माळ दिसेल: डिस्कनेक्टेड ते प्रिपेअर, प्रिपेअर ते कॉन्फिग, कॉन्फिग ते आयपी-कॉन्फिग. इथपर्यंतच्या ओळी एका सेकंदाच्या आत येतात. मग वेळेच्या रकान्यात ४५ सेकंदांची उडी आणि पुढची ओळ: आयपी-कॉन्फिग ते फेल्ड, कारण 'आयपी-कॉन्फिग-अनअव्हेलेबल'. ही उडी आणि हे कारण सापडले की प्रश्न केबलचाही नाही, ड्रायव्हरचाही नाही. दोघांनी आपले काम केले म्हणून तर गाडी आयपी-कॉन्फिगपर्यंत आली. पत्ता मागितला आणि कुणी दिला नाही, इतकेच झाले. त्याऐवजी कारण 'कॅरिअर-चेंज्ड' असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तिच्याकडे नंतर येतो.

डीएचसीपीने पत्ता मिळत नाही पण हाताने दिलेला चालतो, याचा अर्थ त्या लाइनवर डीएचसीपी सर्व्हर नाही, किंवा आहे पण तुमच्या लॅपटॉपला उत्तर देत नाही. अनेक संस्थांच्या जाळ्यात नोंदणी केलेल्या मॅक पत्त्यांनाच (मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक) आयपी मिळतो. तुमचा पोर्ट वेगळा मॅक पत्ता दाखवत असेल तर सर्व्हर गप्प बसतो. म्हणून आधी जाळे सांभाळणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: या लाइनवर पत्ता आपोआप मिळायला हवा की ठरावीक पत्ता वापरायचा? आणि मॅक नोंदवावा लागतो का? कुणी तरी 'चालतोय ना' म्हणून मनाने घेतलेला पत्ता दुसऱ्या यंत्राचा निघाला तर दोन्ही यंत्रे अधूनमधून अडखळतात, आणि तो दोष शोधणे याहून कितीतरी त्रासाचे असते.

ठरावीक पत्ता वापरायचा असे उत्तर आले तर काम सोपे आहे. तो पत्ता मॅनेजरच्या पाठीमागे टर्मिनलमधून देऊ नका, त्याच्या प्रोफाइलमध्ये लिहा. 'एनएमसीएलआय' हे त्याचे टर्मिनलमधले साधन. त्यात 'कनेक्शन मॉडिफाय', पुढे प्रोफाइलचे नाव, मग 'आयपीव्ही४ डॉट मेथड' ला 'मॅन्युअल', 'आयपीव्ही४ डॉट अ‍ॅड्रेसेस' ला पत्ता, 'आयपीव्ही४ डॉट गेटवे' ला राउटरचा पत्ता आणि 'आयपीव्ही४ डॉट डीएनएस' ला नावे शोधून देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता. हे सगळे एकाच आज्ञेत द्या. पत्ता न देता आधी नुसती मेथड 'मॅन्युअल' करायला गेलात तर तो नाकारतो, आणि इथेच अनेक जण 'हे साधनच बिघडले आहे' म्हणून सोडून देतात. पत्त्यानंतरची तिरकी रेघ आणि जाळ्याचा आकार सांगणारा २४ हा आकडाही विसरू नका. आकडा न देता नुसताच १९२.१६८.१.५० लिहिला तर मॅनेजर तो ३२ धरतो, म्हणजे लॅपटॉपच्या दृष्टीने त्या जाळ्यात तो एकटाच उरतो. २४ हे नेहमीचे उदाहरण झाले. तुमच्या जाळ्याचा खरा आकडा जाळे सांभाळणाराच सांगेल. बदल लिहून झाला की 'एनएमसीएलआय कनेक्शन अप' आणि प्रोफाइलचे नाव. ही शेवटची पायरी राहिली तर बदल फाइलमध्ये जातो, चालू जोडणीला मात्र त्याची खबरही नसते.

आज्ञा पाठ करायच्या नसतील तर 'एनएमटीयूआय' लिहा. टर्मिनलमध्येच साधे फॉर्म उघडतात, तेच रकाने तिथे भरता येतात. मी स्वतः घाईत असलो की तेच वापरतो.

तुमच्या लक्षणांवरून एवढ्यानेच काम व्हावे. पण 'केबल लावली की मॅनेजर त्रास देतो' या एका वाक्यामागे आणखी पाच-सहा वेगळे दोष लपतात, आणि सगळे एकाच आज्ञेने वेगळे करता येतात. ती आज्ञा 'एनएमसीएलआय डिव्हाइस'. प्रत्येक पोर्टसमोर एक शब्द दिसतो. मी दुसरे काहीही करण्याआधी तो शब्द वाचतो, कारण पुढचा रस्ता तोच ठरवतो.

'अनअव्हेलेबल' दिसला तर मॅनेजरच्या सेटिंगांना हात लावू नका. त्याला कॅरिअरच दिसत नाही. 'आयपी लिंक' दिल्यावर त्या पोर्टच्या ओळीत 'नो-कॅरिअर' असेल तर खात्री झाली. केबल बदला, समोरच्या स्विचचे भोक बदला, आणि पिनची प्लास्टिकची जीभ तुटली आहे का ते पाहा. लॅपटॉप हलतो, उचलला जातो, मांडीवर येतो. जीभ तुटलेली पिन दोन मिलिमीटर मागे सरकते आणि डोळ्यांना बसलेलीच वाटते. केबलच्या आतली एखादी जोडी तुटली असेल तर आणखी फसवे चित्र दिसते. गिगाबिट वेगाला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे अर्धवट तुटलेल्या केबलवर जोडणी कधी होतच नाही, कधी १०० वर अडकते, कधी वेग ठरवता ठरवता सतत तुटते आणि जुळते. 'ईथटूल' आणि पोर्टचे नाव दिले की ठरलेला वेग दिसतो. गिगाबिट पोर्ट आणि गिगाबिट स्विच असताना तिथे १०० दिसले तर माझा हात आधी केबलकडे जातो.

नोंदवहीत 'कॅरिअर-चेंज्ड' हे कारण दिसले तर तेही याच घरातले दुखणे. लिंक तुटल्यावर मॅनेजर काही सेकंद वाट पाहतो, तेवढ्यात ती परत आली तर काहीच करत नाही. नाही आली तर जोडणी उतरवतो. आता कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश पाहा, 'डीमेसेज' या आज्ञेने. तिथे 'लिंक इज डाउन', 'लिंक इज अप' अशी जोडी वारंवार दिसत असेल तर लिंक खालून तुटते आहे आणि मॅनेजर फक्त निरोप्या आहे. लॅपटॉपवर याचे एक खास कारण असते, वीज वाचवण्याची व्यवस्था. टेबलावरच्या संगणकावर तेच कार्ड मुकाट्याने चालते. लॅपटॉपवर मात्र बॅटरी वाचवणारे टीएलपीसारखे साधन त्याला डुलकी घ्यायला लावते. यूएसबीला लावायचे इथरनेट अडॅप्टर तर यात हमखास सापडतात. यूएसबीची आपोआप झोप त्या अडॅप्टरपुरती बंद करून पाहा. कार्ड आणि स्विच यांच्यातली ईईई नावाची वीजबचतही ईथटूलने बंद करता येते. चार्जर लावला असताना ठीक आणि बॅटरीवर असताना तुटते, असा फरक दिसला तर इथेच शोधा, बाकी कुठे नको.

हे लक्षात ठेवले तर 'मॅनेजर बंद केला की नीट चालते' या पुराव्याचेही खरे मोल कळेल. मॅनेजरची सेवा थांबवली तरी तारेवरची उभी जोडणी तो पाडत नाही, आहे तशी सोडून जातो. त्यामुळे सेवा बंद करून नेट चालताना पाहिले की दोषी सापडला असे वाटते. पण डीएचसीपीचा पत्ता मुदतीचा असतो. मुदत संपायच्या आत तो वाढवून घेणारा आता कुणी नसतो. कर्नल मुदत मोजत असतो आणि ती संपली की पत्ता काढून टाकतो. म्हणून ही परीक्षा करायचीच असेल तर पाच मिनिटे चालले यावर निकाल देऊ नका.

'अनमॅनेज्ड' हा शब्द दिसला तर मॅनेजर त्या पोर्टला हातच लावत नाही. तो ढवळाढवळ करतो ही तक्रार तिथे मुळातच चुकीची ठरते. कुणीतरी त्याला दूर राहायला सांगितलेले असते. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात बहुतेकदा 'ईटीसी' फोल्डरातल्या 'नेटवर्क' फोल्डरमधली 'इंटरफेसेस' ही फाइल कारण असते. तिच्यात ज्या पोर्टचे नाव आहे तो जुन्या पद्धतीने चालवायचा, असे मॅनेजर धरून चालतो. डेबियन बसवताना केबल लावलेली असेल तर कधी कधी ती नोंद तेव्हाच पडलेली असते, तुम्ही न लिहिता. त्या पोर्टच्या ओळी काढा, लूपबॅकच्या, म्हणजे लॅपटॉप स्वतःशीच बोलतो त्या आतल्या पोर्टच्या, 'एलओ' या ओळींना हात लावू नका, मग मॅनेजर पुन्हा सुरू करा. उबंटू या दुसऱ्या प्रकारात नेटप्लॅन नावाचा सेटिंगांचा थर मध्ये असतो. त्याच्या फाइलमध्ये 'रेंडरर' समोर 'नेटवर्कडी' लिहिलेले असेल तर तारेचा पोर्ट सिस्टमडी-नेटवर्कडी या दुसऱ्या सेवेच्या ताब्यात आहे. लॅपटॉपवर तिथे 'नेटवर्कमॅनेजर' हवे. उबंटूत याखेरीज '१०-ग्लोबली-मॅनेज्ड-डिव्हाइसेस' नावाची एक लहानशी फाइल असते. तिच्यातली एकच ओळ म्हणते, वायफाय आणि मोबाइल मोडेम सोडून बाकी कशालाच हात लावू नको. वायफाय चालते पण तार 'अनमॅनेज्ड' दिसते, या नेमक्या लक्षणामागे कितीदा तरी हीच ओळ निघते. मूळ फाइल बदलू नका. त्याच नावाची रिकामी फाइल 'ईटीसी' खालच्या नेटवर्कमॅनेजरच्या 'कॉन्फ डॉट डी' फोल्डरात ठेवा, म्हणजे मूळची निष्प्रभ होते आणि पुढच्या अपडेटमध्येही तुमचा बदल टिकतो.

आता ज्याला मी दोन मालकांचा दोष म्हणतो तो. 'कनेक्टेड' दिसते, नेटही असते, पण दर काही तासांनी काहीतरी बिनसते. 'आयपी अ‍ॅड्रेस' दिल्यावर एकाच पोर्टवर दोन पत्ते दिसतात आणि दोन्हींसमोर 'डायनॅमिक' लिहिलेले असते. म्हणजे दोन वेगवेगळे क्लायंट सर्व्हरकडे पत्ता मागत आहेत. मॅनेजर अलीकडच्या आवृत्त्यांत स्वतःच्या आतलाच डीएचसीपी क्लायंट वापरतो. त्यामुळे चालू प्रक्रियांच्या यादीत 'डीएचक्लायंट' किंवा 'डीएचसीपीसीडी' वेगळा दिसला, किंवा 'सिस्टमडी-नेटवर्कडी' ही सेवाही जागी असली आणि त्याच पोर्टसाठी तिची फाइल असली, की दुसरा मालक सापडला. यांची भांडणे सगळ्यात आधी 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' या फाइलवर होतात. प्रत्येक जण आपले नेमसर्व्हर लिहितो आणि दुसऱ्याचे पुसतो. आकड्यांचा पत्ता पिंग होतो, म्हणजे हाकेला उत्तर देतो, पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, असे झाले की ही फाइल शेवटची कुणी लिहिली ते तिच्या पहिल्या ओळीतल्या टिपणीत पाहा. तिथे बहुधा लिहिणाऱ्याचे नाव असते. दोघांपैकी एकाला त्या पोर्टवरून पूर्ण उठवावे लागते. 'दोघांनाही थोडे थोडे' अशी तडजोड मी करून पाहिलेली आहे, ती टिकत नाही.

प्रोफाइलच चुकीचे असण्याचा एक प्रसंग सांगतो, कारण त्याने माझी अख्खी दुपार खाल्ली होती. एका सहकाऱ्याचा लॅपटॉप केबलवर 'कनेक्टेड' दाखवायचा, पण नेट नाही. केबल नवी, स्विच नीट, नोंदवहीत एकही 'फेल्ड' नाही. मी ड्रायव्हर बदलला, कर्नल बदलला, केबल तर तीनदा बदलली. शेवटी पत्ता नीट वाचला: १०.४२.०.१. हा पत्ता कुठल्याच राउटरने दिलेला नव्हता. मॅनेजरमध्ये 'इतर संगणकांसोबत वाटून घ्या' अशी एक पद्धत आहे. ती निवडली की लॅपटॉप स्वतःच राउटर होतो, स्वतःला बहुधा हाच पत्ता घेतो आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला पत्ते वाटू लागतो. त्याने महिन्यापूर्वी वायफायचे नेट केबलवरून दुसऱ्या यंत्राला देण्यासाठी ती निवडली होती आणि परत बदलली नव्हती. तेव्हापासून तो लॅपटॉप केबल लावताच त्या सगळ्या जाळ्याला पत्ते वाटायला तयार बसलेला होता, आणि त्याच्यामुळे दुसऱ्या कुणाचे नेट गेले नाही हे नशीब. पद्धत 'ऑटोमॅटिक' केली आणि दहा सेकंदांत सगळे सुरळीत झाले. त्या दिवसापासून मी पत्ता असलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर आधी तो पत्ता मोठ्याने वाचतो. १०.४२ ने सुरुवात असेल तर वाटून घेण्याची पद्धत. १६९.२५४ ने असेल तर डीएचसीपी सर्व्हरकडून काहीच आलेले नाही, लॅपटॉपने स्थानिक पत्ता स्वतःच घेतलेला आहे.

डॉक, म्हणजे लॅपटॉपला लावायचा जादा पोर्टांचा डबा, वापरणाऱ्यांचा प्रश्न याच जातीचा. प्रोफाइलमध्ये पोर्टचे नाव किंवा मॅक पत्ता बांधलेला असू शकतो. लॅपटॉपच्या अंगच्या पोर्टचे नाव 'ईएनपी३एस०' असे काही असते. यूएसबी अडॅप्टरचे 'ईएनएक्स' आणि पुढे मॅकचे बारा आकडे-अक्षरे. डॉकमधल्या कार्डाचा मॅक आणखी वेगळा. घरच्या डॉकवर काळजीपूर्वक तयार केलेले प्रोफाइल कामाच्या ठिकाणच्या डॉकवर लागूच होत नाही, मग मॅनेजर पुन्हा आपले 'वायर्ड कनेक्शन २' बनवतो आणि डीएचसीपी मागत बसतो. आपल्याला वाटते त्याने आपले सेटिंग बदलले. खरे तर त्याला ते या पोर्टचे वाटलेच नाही. एकच सेटिंग सगळीकडे हवे असेल तर प्रोफाइलमधले पोर्टचे नाव आणि मॅक हे दोन्ही रकाने रिकामे ठेवा. उलट प्रत्येक ठिकाणी वेगळे हवे असेल तर ते नेमके भरा. मॅनेजरने आपोआप प्रोफाइल बनवूच नये असे वाटत असेल तर त्याच्या मुख्य फाइलमध्ये 'नो-ऑटो-डीफॉल्ट' समोर चांदणीचे चिन्ह द्या.

फाइल हाताने लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. प्रोफाइले 'सिस्टम-कनेक्शन्स' फोल्डरात राहतात. त्या फाइलची मालकी रूट या प्रशासक खात्याची आणि परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, हवी. दुसरीकडून नक्कल करून आणलेली फाइल परवानगी सैल असली तर मॅनेजर दुर्लक्षितो, पडद्यावर एक शब्दही न उमटवता. कारण फक्त नोंदवहीत सापडते.

केबल लावली की वायफायचेही नेट जाते, ही तक्रारही याच मालिकेत नेहमी येते आणि तिच्यात जोडणी तुटलेली नसतेच. दोन्ही जोडण्या उभ्या असताना बाहेरचा रस्ता कुठला घ्यायचा हे मेट्रिक नावाच्या आकड्यावर ठरते. आकडा लहान तो जिंकतो. मॅनेजर तारेला १०० देतो, वायफायला ६००. त्यामुळे तार एखाद्या प्रिंटरला, मोजमापाच्या यंत्राला किंवा नेट नसलेल्या अंतर्गत जाळ्याला जोडलेली असली आणि तिकडून गेटवे मिळाला, की सगळी वाहतूक त्या बंद गल्लीत वळते. 'आयपी रूट' दिल्यावर 'डीफॉल्ट' ने सुरू होणाऱ्या ओळी पाहा. तारेसमोर २०१०० असा मोठा आकडा दिसला तर घाबरू नका. नेट पोचते का हे तपासण्याची सोय चालू असताना तपासणी फसली की मॅनेजर स्वतःच मेट्रिकमध्ये २०,००० मिळवून ती वाट मागे ढकलतो. ती सोय बंद असली तर हे काम तुम्ही करायचे. तारेच्या प्रोफाइलमध्ये 'आयपीव्ही४ डॉट नेव्हर-डीफॉल्ट' ला 'येस' करा. यंत्राशी बोलणे तारेवरून चालते आणि बाकी सगळे वायफायवरून. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा तसाच रकाना वेगळा असतो, तोही करा. अर्धे काम करून 'काही संकेतस्थळे उघडतात, काही नाही' अशी नवी तक्रार घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत.

झोपेतून उठल्यावर बिघडणारा लॅपटॉप असेल तर 'एनएमसीएलआय नेटवर्किंग' एवढेच लिहून पाहा. उत्तर 'डिसेबल्ड' आले तर सगळे जाळेच बंद म्हणून नोंदले गेले आहे, 'एनएमसीएलआय नेटवर्किंग ऑन' ने ते उघडते. उत्तर 'एनेबल्ड' असूनही पोर्ट उठत नसेल तर पुन्हा डीमेसेज पाहा. कार्डाचा ड्रायव्हर झोपेनंतर जागा झालेला नसतो, आणि मॅनेजर कितीही वेळा पुन्हा सुरू केला तरी ते कार्ड त्याच्यामुळे उठणार नाही. ड्रायव्हरचे मोड्यूल काढून पुन्हा भरावे लागते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, काढावा का? तारेचा एक पोर्ट दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा असेल तर त्यासाठी मॅनेजर काढण्याची गरजच नाही. तात्पुरते पाहायचे असेल तर 'एनएमसीएलआय डिव्हाइस सेट', पोर्टचे नाव, 'मॅनेज्ड नो'. लॅपटॉप पुन्हा सुरू केला की हे विसरले जाते, म्हणून प्रयोगाला उत्तम. कायमचे करायचे तर 'कॉन्फ डॉट डी' फोल्डरात एक लहान फाइल करून तिच्यात 'कीफाइल' या शीर्षकाखाली 'अनमॅनेज्ड-डिव्हाइसेस' समोर 'इंटरफेस-नेम', मग विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि पोर्टचे नाव लिहा. वायफाय मॅनेजरकडे राहते, तार मोकळी होते. पण मोकळी म्हणजे बेवारशी नव्हे. त्या पोर्टसाठी सिस्टमडी-नेटवर्कडीची किंवा इंटरफेसेसची नोंद तुम्हीच करायची, नाहीतर केबल लावल्यावर काहीच होणार नाही.

आणि पूर्ण काढण्याचेच ठरले असेल तर क्रम चुकवू नका. आधी नव्या व्यवस्थेच्या फाइली लिहा, तारेची आणि वायफायची दोन्हींची. वायफायचा पासवर्ड बहुधा मॅनेजरच्या प्रोफाइलमध्ये किंवा डेस्कटॉपच्या किल्ल्यांच्या जुडग्यात साठवलेला असतो, तो आधी उतरवून घ्या. मग मॅनेजरची सेवा फक्त थांबवा आणि 'डिसेबल' करा, पॅकेज राहू द्या. लॅपटॉप पुन्हा सुरू करा. एक दिवस वापरा: केबल काढून लावा, झाकण मिटून उघडा, दुसऱ्या वायफायवर जा. हे सगळे नीट झाले तरच पॅकेज काढा, आणि काढण्यापूर्वी डेस्कटॉपची कुठली पॅकेजेस त्याच्यासोबत जाणार आहेत ती यादी शेवटपर्यंत वाचा. नेट गेल्यावर मॅनेजर परत उतरवायलाही नेटच लागते. म्हणून त्याचे पॅकेज आणि ते ज्यांच्यावर अवलंबून आहे ती पॅकेजेस आधीच एका पेनड्राइव्हवर ठेवा.